जेलच्या मण्यांत कोंडलेले जिवाणू : एका तंत्राची पार्श्वभूमी

उपयुक्त जिवाणू जेलमध्ये कोंडण्याचे तंत्र आज प्रोबायोटिक, म्हणजे आरोग्याला उपयुक्त जिवंत जिवाणू असलेल्या, पदार्थांच्या संदर्भात चर्चेत असले, तरी त्याची जडणघडण औषधनिर्मितीच्या कारखान्यात झाली. जपानमधील तानाबे सेईयाकू या कंपनीत इचिरो चिबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये ई. कोलाय जिवाणू पॉलिअॅक्रिलामाइड या कृत्रिम पदार्थाच्या जेलमध्ये बसवून अॅस्पार्टिक आम्ल या अमिनो आम्लाचे सलग उत्पादन सुरू केले, आणि १९७८ मध्ये त्या जेलच्या जागी लाल समुद्रशैवालातील खाण्यायोग्य कॅरागीनन आणले. त्यांना उत्पादनक्षमता वाढवायची होती. परंतु खाण्यायोग्य जेलमध्येही जिवाणू दीर्घकाळ कार्यक्षम राहतात हे त्यातून दिसले, आणि अन्नक्षेत्राच्या दृष्टीने मला हीच बाब सर्वांत महत्त्वाची वाटते.

दुग्धसंशोधनात मात्र तपकिरी शैवालापासून मिळणारे अल्जिनेट अधिक रुळले. जिवाणू मिसळलेले सोडियम अल्जिनेटचे द्रावण कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात थेंबाथेंबाने सोडले, की कॅल्शियम अल्जिनेटच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधतो आणि प्रत्येक थेंबाचा भिजलेल्या साबुदाण्यासारखा मणी बनतो. या कृतीला ना उष्णता लागते, ना विषारी रसायन, त्यामुळे आतले जिवाणू जिवंत राहतात.

चीज उद्योगाला या मण्यांचे आकर्षण वाटण्यामागे एक जुनी डोकेदुखी होती. विरजणातील जिवाणूंवर बॅक्टेरियोफाज हे विषाणू हल्ला करतात, हे न्यूझीलंडमध्ये व्हाइटहेड आणि कॉक्स यांनी १९३५ मध्ये नोंदवले होते. असा हल्ला झाला की दुधात आम्ल तयार होण्याची क्रिया मंदावते किंवा थांबते. अल्जिनेटमध्ये बसवलेल्या विरजणाला या विषाणूंपासून संरक्षण मिळते, असे अमेरिकेतील स्टीन्सन, क्लेनहॅमर आणि स्वेसगुड यांनी १९८७ मध्ये दाखवले. अडचण दुधातच होती. त्यातील फॉस्फेट व सायट्रेट, तसेच तयार होणारे लॅक्टिक आम्ल, मण्यांतील कॅल्शियम ओढून घेतात आणि मणी मऊ पडत जातात.

प्रोबायोटिकमुळे या तंत्राचा उद्देशच बदलला. जिवाणू खाणाऱ्याच्या शरीरात पुरेशा संख्येने जिवंत पोहोचले पाहिजेत, ही अपेक्षा जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केलेल्या व्याख्येतच आहे, आणि या वाटेवर साठवण, गोठण व जठरातील आम्ल असे तीन अडथळे येतात. शू आणि मार्शल या संशोधकांनी १९९३ मध्ये अल्जिनेटचे द्रावण तेलात घुसळून सरासरी २५ ते ३५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मणी तयार केले. गोठवलेल्या आइस मिल्कमध्ये, म्हणजे कमी स्निग्धांशाच्या आइस्क्रीममध्ये, अशा मण्यांतील लॅक्टोबॅसिलस जिवाणू मोकळ्या जिवाणूंपेक्षा सुमारे ४० टक्के अधिक टिकले. इतके बारीक मणी जिभेला जाणवत नाहीत, मोठे मात्र रवाळ लागतात. परंतु आकार जितका लहान, तितके जठरातील आम्लापासून मिळणारे संरक्षण तोकडे पडते, आणि त्यामुळेच पुढे अल्जिनेटमध्ये स्टार्च मिसळण्याचे व मण्यांवर कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पदार्थ) याचा थर देण्याचे प्रयोग झाले.