लहान मेंदू म्हणजे फक्त तोल? नाही हो

इंदूरला राजवाड्याजवळ आत्याकडे गेलं की भेटायला आलेलं कोणीतरी हमखास म्हणतं, "लहान मेंदूचा स्ट्रोक ना, मग चालताना तोल जाईल तेवढंच." शाळेत आपण पण हेच पाठ केलंय, पण ते अर्धवट आहे.

आत्या आता काठीशिवाय चालते, पण आरती म्हणताना तिचा श्वास ओळीच्या मधेच संपतो, शब्द तुटक येतात, एक अक्षर जोरात तर पुढचं एकदम दबलेलं, आणि "प" म्हणायला ओठ मिटतात ते पण जरा उशिराच, बघून जीव तुटतो.

काही जण मग म्हणतात की श्वास लहान मेंदूच चालवतो. तसंही नाही. श्वासाची मूळ लय ब्रेनस्टेममधे, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठासारख्या भागात, तयार होते, चेहरा हलवणारी नस पण तिथूनच निघते. लहान मेंदू वेळ जुळवतो, म्हणजे बोलताना हवा किती नि कधी सोडायची, ओठ कधी मिटायचे, घास गिळताना श्वास नेमका कधी थांबवायचा. १८२४ च्या सुमारास फ्लूरांस नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने कबुतरांचा लहान मेंदू काढून बघितलं तर पक्षी लुळे नाही पडले, हालचालींचा ताळमेळ गेला. माणसाचा लहान मेंदू आकाराने अख्ख्या मेंदूच्या जेमतेम १० टक्के, पण मेंदूतले जवळपास ८० टक्के न्यूरॉन (चेतापेशी) त्यातच आहेत!

त्यामुळे अशा पेशंटला पाणी पिताना सारखा ठसका लागत असेल तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा आणि स्पीच थेरपीबद्दल (म्हणजे बोलण्या-गिळण्याच्या उपचारांबद्दल) नक्की विचारा.