गप्प बसणं वेगळं, झाकणं वेगळं

अपघात झालेली जुनी गाडी शोरूमला एक्सचेंजला द्यायची म्हटलं की शेजारपाजारचे दोन सल्ले हमखास येतात. एक, "घेणाऱ्यानं विचारलं तरच अपघाताचं सांगा, आपण होऊन कशाला?" दुसरा, "डेंटिंग-पेंटिंग करून घ्या, कुणाला कळायलंय?" ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. कुणी दोन्हींना व्यवहार म्हणतं, कुणी दोन्हींना लबाडी. कायदा मात्र त्यांना एका रांगेत बसवत नाही, आणि हा फरक १८७२च्या भारतीय करार कायद्यानं चक्क घोड्याचं उदाहरण देऊन समजावलाय.

कलम १७ म्हणतं, नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे. एकानं लिलावात घोडा विकला, घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक होतं, पण तो काहीच बोलला नाही. ही फसवणूक नाही. पुढच्या उदाहरणात तोच घोडा विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी घेते. इथं नातंच असं आहे की बापानं सांगायलाच हवं. त्यापुढच्या उदाहरणात घेणारा म्हणतो, "तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा चांगला आहे असं मी धरतो," आणि विकणारा तोंड उघडत नाही. तिथं त्याची चुप्पी हेच त्याचं बोलणं धरलं जातं.

लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत जनावराचा सौदा केलेल्याला यात नवीन काही वाटणार नाही. तिथं घेणारा आधी दात बघतो, चालवून बघतो, आणि मग खोड काय आहे ते तोंडावर विचारतो. विचारल्यावर खोटं सांगणाऱ्याकडं पुढच्या वर्षी कुणी फिरकत नाही.

झाकणं याच कलमात आहे, पण वेगळ्या ओळीत: माहीत असलेली गोष्ट हात चालवून दडवणं. गाडीच्या बाबतीत ते कसं दिसतं? समोरून ठोकलेल्या गाडीचं वाकलेलं अ‍ॅप्रन, म्हणजे बोनटखालचा आतला पत्रा, ठोकून सरळ करायचं, वर पुट्टी भरायची, रंग मारायचा. किंवा त्याहून वाईट म्हणजे, फुटलेल्या एअरबॅगच्या जागी नुसतं कव्हर बसवायचं आणि डॅशबोर्डवरचा दिवा पेटणार नाही अशी वायरिंगची सोय करायची. याला हुशारी म्हणणाऱ्यानं त्या सीटवर आपल्या लेकराला बसवून दाखवावं.

दोन्हींचा परिणामही वेगळा. घेणाऱ्याला साधी खबरदारी घेऊन खरं कळू शकलं असतं, तर समोरचा गप्प बसला एवढ्यावर कलम १९ प्रमाणं करार मोडता येत नाही. दडवणाऱ्याला किंवा धडधडीत खोटं बोलणाऱ्याला ही पळवाट मिळत नाही. "तुम्ही नीट बघायला हवं होतं" हे त्याच्या तोंडी शोभतही नाही आणि चालतही नाही.

आता एक्सचेंजच्या काउंटरवर या. तिथं गप्प बसायला जागाच उरत नाही, कारण फॉर्मवर सरळ प्रश्न असतो: गाडीचा अपघात झालाय का? "नाही"वर खूण करून सही केली की तुम्ही गप्प बसलेले राहत नाही, खोटं सांगितलेले होता. आणि गाडी तपासणारा पोरगा काही आंधळा नसतो. तो बोनट उघडून फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या, बोल्टवर पान्याचे ओरखडे शोधतो. दरवाजाचं रबर ओढून आतल्या पत्र्यावरचे वेल्डिंगचे गोल ठिपके बघतो, एका बाजूला आहेत आणि दुसऱ्या बाजूला नाहीत असं दिसलं की थांबतो. डिकीचा गालिचा उचलतो. सगळ्या काचांवर छापलेलं, काच बनल्याचं साल जुळतं का ते वाचतो. हातात रंगाची जाडी मोजणारं मीटर असलं तर काम आणखी सोपं. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो, पुट्टी असली की आकडा कितीतरी पट चढतो. मग तो शांतपणे म्हणतो, "मालक, हितं काम झालेलं दिसायलंय."

विम्याचा कागदही बोलतो. क्लेम न घेता वर्षं गेली तर नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, २० टक्क्यांपासून चढत पाचव्या वर्षी ५० टक्क्यांवर जातो. जुन्या गाडीवर तो शून्य दिसला की पुढचा प्रश्न ठरलेला. उलट मात्र खरं नाही: बोनस भरपूर आहे म्हणजे गाडी ठोकलेलीच नाही असं होत नाही, खिशातून खर्च केलेल्याची तिथं नोंद नसते.

बरेच जण "अ‍ॅक्सिडेंट" या शब्दालाच घाबरतात आणि साध्या ओरखड्यालाही "काही नाही" म्हणतात. उसाच्या हंगामात ट्रॉली घासून गेली, दरवाजा रंगवला, एवढीच गोष्ट असते. पण तपासणाऱ्याला रंगवलेला दरवाजा सापडतो, तुमचा "नाही" आठवतो, आणि तो सबंध गाडीवरच संशय धरून भाव पाडतो. त्याऐवजी "डावा दरवाजा घासला होता, नुसता रंग दिलाय, हे बिल" म्हटलं तर बोलणं त्या दरवाजापुरतंच राहतं. पिलरला (छत पेलणाऱ्या खांबाला) किंवा चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) मार बसला असेल तर भाव पडणारच, ते मान्य करूनच जावं.

शोरूमला न देता गावातल्या माणसाला गाडी द्यायची असेल तर बाँडवर एक वाक्य हटकून असतं: "गाडी आहे त्या स्थितीत, पाहून व पसंत करून घेतली." विकणाऱ्याला वाटतं, झालं, सुटलो. न विचारलेल्या, दिसण्यासारख्या दोषांपुरता त्याचा आधार मिळू शकतो. दडवलेल्या अपघाताला तो मिळत नाही. त्याच वाक्याखाली एक ओळ वाढवा: कोणत्या साली, कुठल्या बाजूला, काय बदललं. खाली दोघांच्या सह्या. घेणारा मेहुणा असो की पुतण्या, तिथं तर ही ओळ आधी लिहायची.