पार्श्वभूमी : ॲलेक्स डन आणि आयर्लंडबाहेर जाणारा रस्ता

27 जून 2025, शुक्रवार. ऑस्ट्रियातल्या रेड बुल रिंगवर फॉर्म्युला वनचं पहिलं सराव सत्र संपलं, तेव्हा वेळेच्या तक्त्यात चौथं नाव होतं ‘डन’. गाडी मॅक्लारेन संघाची, एरवी लँडो नॉरिसच्या ताब्यातली. त्या तासाभरापुरती ती 19 वर्षांच्या ॲलेक्स डनच्या हाती आली होती. तिसऱ्या क्रमांकावर होता त्याच संघाचा ऑस्कर पियास्त्री, गुणतक्त्यात तेव्हा सगळ्यांत पुढे असलेला. दोघांमधलं अंतर 0.069 सेकंद.

सराव सत्रातल्या वेळांना फार भाव द्यायचा नसतो. कोणाच्या टाकीत किती इंधन आहे, कोण नवा भाग तपासतोय, हे बाहेरून कळत नाही. शिवाय 2025 पासून नियमच असा आहे, की प्रत्येक संघाने वर्षभरात चार वेळा पहिलं सराव सत्र नवख्या चालकाला द्यायचं, दोन्ही गाड्यांवर प्रत्येकी दोनदा. तरीही आयर्लंडमध्ये त्या शुक्रवारची मोठी बातमी झाली, कारण 2003 मधल्या राल्फ फर्मननंतर फॉर्म्युला वनच्या शर्यतीच्या आठवड्यात उतरलेला आयरिश चालकच नव्हता. फर्मनही जन्मला इंग्लंडमधल्या नॉरिचला. आईच्या बाजूने आयरिश, म्हणून परवाना आयर्लंडचा. म्हणजे आयर्लंडात जन्मून, तिथेच वाढून या दारापर्यंत पोचलेला मुलगा शोधायचा तर आणखी मागे जावं लागतं.

डन हा ऑफली काउंटीतल्या क्लॉनबुलोगचा. आयर्लंडच्या मधोमध असलेला हा भाग पीटच्या दलदलींसाठी ओळखला जातो. गाव लहान आहे. ते बाहेरच्यांना ठाऊक असलंच तर तिथल्या धावपट्टीमुळे, कारण पॅराशूटने उड्या मारणाऱ्यांचा क्लब तिथे आहे. मोटारशर्यतीशी या गावाचा संबंध सांगू गेलं तर लोक हसतील. पण इथून दक्षिणेला थोड्याच अंतरावर मोनॅस्टरएव्हिन लागतं, आणि त्या रस्त्यावरून 1903 साली जगातली सगळ्यांत मोठी शर्यत गेली होती.

ती गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. गॉर्डन बेनेट चषकाचा नियम असा होता, की ज्या देशाने चषक जिंकला त्याने पुढची शर्यत भरवायची. 1902 मध्ये सेल्विन एज हा इंग्रज नेपियर गाडी घेऊन जिंकला आणि ब्रिटनची पंचाईत झाली. तिथे रस्त्यावरची वेगमर्यादा ताशी जेमतेम 20 किलोमीटर, आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत म्हणजे गुन्हा. मग आयर्लंड आठवलं. रस्ते मोकळे, वस्ती विरळ, स्थानिक पुढारी राजी. लंडनच्या संसदेने खास कायदा करून आयर्लंडातले रस्ते शर्यतीसाठी बंद करायला परवानगी दिली. मे महिन्यातच पॅरिस-माद्रिद शर्यतीत इतके मृत्यू झाले होते, की ती बोर्दोला थांबवावी लागली होती. त्यामुळे सगळ्यांच्या पोटात गोळा होताच.

2 जुलै 1903 रोजी ॲथी, कार्लो, किल्डेअर या भागातल्या वाटोळ्या मार्गावर 500 किलोमीटरहून अधिक अंतराची शर्यत झाली. बेल्जियमचा कामी जेनात्झी मर्सिडीजमध्ये जिंकला. त्याची कथाही मजेची आहे : कंपनीच्या कारखान्याला आग लागून शर्यतीसाठी बांधलेल्या जोरदार गाड्या खाक झाल्या होत्या, तेव्हा एका अमेरिकन गिऱ्हाईकाकडून कमी ताकदीची गाडी उसनी आणून त्याने ती पळवली. आणि यजमान आयर्लंडचा मान म्हणून ब्रिटिश गाड्या हिरव्या रंगवल्या होत्या. पुढे ‘ब्रिटिश रेसिंग ग्रीन’ म्हणून जो रंग मिरवला गेला, त्याचं मूळ इथे सांगितलं जातं. रंग आयर्लंडचा, नाव ब्रिटनचं. आयरिश चालकांच्या नशिबातही पुढे बरंचसं हेच आलं.

1929 ते 1931 या तीन वर्षांत डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये आयरिश ग्रां प्री झाली. त्यातली 1930 ची शर्यत रुडोल्फ काराचिओलाने जिंकली. 1968 मध्ये किल्डेअरमध्ये माँडेलो पार्क हा देशाचा कायमचा ट्रॅक उभा राहिला. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात आंतरराष्ट्रीय दर्जाचा ट्रॅक म्हणावा असा तो एकच. घरच्या घरी शर्यती होतात, शिकायला मिळतं, पण पुढचं शिक्षण समुद्रापलीकडे.

पलीकडे जायचं म्हणजे इंग्लंडला. 1967 मध्ये ब्रँड्स हॅचला सुरू झालेली फॉर्म्युला फोर्ड ही साधी, 1600 सीसी इंजिनाची गाडी. पंख नाहीत, रुंद टायर नाहीत, त्यामुळे पैसेवाला आणि बिनपैसेवाला यांच्यातली दरी थोडी कमी. आयरिश पोरांनी या वर्गात धुमाकूळ घातला. वर्षाखेरीच्या फॉर्म्युला फोर्ड फेस्टिव्हलचे विजेते पाहा : 1976 डेरेक डेली, 1978 मायकेल रो, 1981 टॉमी बर्न, 1987 एडी अर्वाइन. यातला अर्वाइन उत्तर आयर्लंडचा. तिथल्यांचा हिशेब पासपोर्टात वेगळा असला, तरी शर्यतीच्या जगात बेट एकच धरलं जातं.

डेलीचं उदाहरण मला नेहमी सगळ्यांत बोलकं वाटतं. डब्लिनच्या या मुलाकडे गाडीचे पैसे नव्हते, म्हणून तो आणि त्याचा मित्र डेव्हिड केनेडी 1974 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या खाणीत मजुरीला गेले. परत येऊन डेलीने फॉर्म्युला फोर्ड गाडी घेतली, 1975 मध्ये आयरिश विजेतेपद, 1976 मध्ये फेस्टिव्हल, 1977 मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीचं विजेतेपद, आणि 1978 मध्ये थेट फॉर्म्युला वन. खाणीतून ग्रां प्रीच्या रांगेत, चार वर्षांत. आज हे अशक्य आहे, आणि ते मनगटात बळ नाही म्हणून नव्हे.

बर्नची गोष्ट याच्या उलटी. डंडॉकचा हा मुलगा 1982 मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्री जिंकला, त्याच वर्षी थिओडोर संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरला. गाडी इतकी सुमार, की पाच प्रयत्नांत दोनदाच शर्यतीत जागा मिळाली. वर्षाखेरीस सिल्व्हरस्टोनला मॅक्लारेनने चाचणीसाठी बसवलं तेव्हा तो सुसाट गेला. नोकरी मिळाली नाही. आयर्लंडातल्या शर्यतशौकिनांना मॅक्लारेनच्या गाडीतला तरुण आयरिश मुलगा म्हटलं की आधी बर्न आठवतो, मग डन.

या रस्त्यावर जकातनाका उघडून बसलेला एक माणूसही आयरिशच होता. एडी जॉर्डन हे डब्लिनचे, बँकेत कारकून. 1970 मध्ये बँकांचा संप झाला, ते जर्सी बेटावर कामाला गेले, तिथे कार्ट पाहिली आणि परत आल्यावर स्वतः चालवू लागले. चालक म्हणून ते ठीक होते. सौदा करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. 1991 मध्ये त्यांचा संघ फॉर्म्युला वनमध्ये आला आणि त्याच वर्षी बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर त्यांनी मायकेल शूमाखर नावाच्या मुलाला पहिली संधी दिली. 1998 मध्ये, स्पालाच, डेमन हिलने संघाला पहिला विजय मिळवून दिला.

इथे आपल्याकडचा धागा जुळतो. 2005 मध्ये नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला, तो जॉर्डनच्याच गाडीतून. त्या वर्षाच्या सुरुवातीलाच संघ विकला गेला होता. पुढे तो नावं बदलत मिडलँड, स्पायकर असा फिरला आणि विजय मल्ल्यांच्या हाती येऊन 2008 मध्ये फोर्स इंडिया झाला. सिल्व्हरस्टोनजवळचा कारखाना तोच. फोर्स इंडियाने 2011 मध्ये ‘वन फ्रॉम अ बिलियन’ नावाचा शोध घेतला, त्यातून मुंबईचा जेहान दारूवाला आणि बेंगळुरूचा अर्जुन मैनी पुढे आले. जेहान फॉर्म्युला टूमध्ये, म्हणजे फॉर्म्युला वनच्या लगेच खालच्या पायरीवर, 2020 ते 2023 अशी चार वर्षं होता, जिंकला, 2022 मध्ये मॅक्लारेनच्या जुन्या गाडीत सिल्व्हरस्टोनला चाचणीही दिली. फॉर्म्युला वनची जागा मिळाली नाही. मुंबईकर वाचकाला डनची गोष्ट ओळखीची वाटेल ती यामुळे.

आता डन. जन्म 11 नोव्हेंबर 2005. कार्टिंग करून तो 2021 मध्ये स्पॅनिश एफ-फोरमधून एकआसनी गाड्यांत आला. एफ-फोर हा वर्ग जागतिक मोटार महासंघाने 2014 पासून देशोदेशी सुरू केला. कार्टमधून उतरलेल्या 15 वर्षांच्या मुलांची ही पहिली पायरी. ब्रिटनमध्ये 2015 साली या वर्गाने फॉर्म्युला फोर्डच्या राष्ट्रीय स्पर्धेची जागा घेतली. म्हणजे डेली, बर्न ज्या दारातून आत गेले, त्याच दाराला नवी चौकट बसली. आयर्लंडची स्वतःची एफ-फोर स्पर्धा नाही, त्यामुळे डनलाही समुद्र ओलांडावाच लागला.

2022 मध्ये त्याने एकाच वेळी दोन स्पर्धा खेळल्या : हायटेक संघाकडून ब्रिटिश एफ-फोर आणि यूएस रेसिंगकडून इटालियन एफ-फोर. दोन्हीकडे गाडी सारखीच, तातूस कंपनीची. ब्रिटिश विजेतेपद त्याने पटकावलं. इटलीत तो दुसरा आला, आणि पहिला होता आंद्रेया किमी अँतोनेली. या एका वर्षात पुढची सगळी कथा दडलेली आहे. अँतोनेलीच्या पाठीशी मर्सिडीज लहानपणापासून उभी होती. तो फॉर्म्युला थ्री गाळून फॉर्म्युला टूमध्ये गेला आणि 2025 मध्ये लुईस हॅमिल्टनच्या रिकाम्या जागी बसला. डनकडे तेव्हा असा मोठा हात नव्हता. तो एकेक पायरी चढत राहिला. 2023 मध्ये ब्रिटनच्या जीबी-थ्री स्पर्धेत पुन्हा दुसरा. 2024 मध्ये एमपी मोटरस्पोर्टकडून फॉर्म्युला थ्री, आणि तिथे निकाल फिका. पहिल्या दहातही नाही. त्याच वर्षी मे महिन्यात मॅक्लारेनने मात्र त्याला आपल्या तरुण चालकांच्या कार्यक्रमात घेतलं.

हा मोठा हात इतका का लागतो, त्याचं उत्तर खर्चात आहे. फॉर्म्युला टूच्या एका हंगामासाठी साधारण 20 ते 30 लाख युरो लागतात असं सांगितलं जातं. रुपयांत 20 ते 30 कोटी, तेही एका वर्षाचे आणि चालकानेच उभे करायचे. खाणीत किती वर्षं खोदलं तर एवढे जमतील? दुसरी अट गुणांची. मॅक्स वर्स्टापेन 2015 मध्ये 17 व्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये आला, त्यावरून गदारोळ झाला, आणि पुढच्या वर्षापासून सुपर लायसन्ससाठी, म्हणजे फॉर्म्युला वनच्या परवान्यासाठी, तीन वर्षांत 40 गुण कमावण्याचा नियम आला. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांना थेट 40 मिळतात. चौथ्याला 30.

2025 मध्ये रोडिन संघाकडून फॉर्म्युला टूमध्ये उतरताना डनपुढे हे गणित होतं. 20 मार्चला एडी जॉर्डन गेले. 13 एप्रिलला बहारीनमध्ये डनने रविवारची मुख्य शर्यत जिंकली, पुढच्या महिन्यात इमोलाचीही, आणि गुणतक्त्यात तो सगळ्यांच्या पुढे गेला.

मग मोनॅको. शनिवारी छोटी शर्यत बेंगळुरूच्या कुश मैनीने जिंकली, म्हणजे त्या अर्जुनच्याच धाकट्या भावाने. मोनॅकोत जिंकणारा तो पहिला भारतीय. रविवारी डन पोलवरून, म्हणजे सगळ्यांत पुढच्या जागेवरून, सुटला आणि पहिल्याच वळणावर, सेंट देवोतला, व्हिक्टर मार्तँसशी त्याची टक्कर झाली. मोनॅकोचा तो बोळ इतका अरुंद, की मागून आलेल्या गाड्यांना जागाच उरली नाही. एकावर एक आदळत निम्म्याच्या आसपास गाड्या तिथेच अडकल्या, लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवावी लागली. डनला पुढच्या शर्यतीत दहा जागा मागे उभं राहण्याची शिक्षा झाली. पोलवरच्या चालकाने मोनॅकोत पहिलं वळण सोडायचं नसतं हे खरं, पण तिथे कधी सोडायचं हे कळणं हीही एक विद्या आहे, आणि ती त्या दिवशी त्याच्याकडे नव्हती.

ऑस्ट्रियात शुक्रवारी मॅक्लारेनमध्ये चौथा आलेला हा मुलगा रविवारी फॉर्म्युला टूच्या निकालातून बाद झाला : गाडीच्या तळाची फळी ठरलेल्या जाडीपेक्षा जास्त झिजलेली निघाली. यात चालकाचा दोष नसतो, गुण मात्र त्याचेच जातात. जुलैत स्पाला त्याने मुख्य शर्यतीची रेषा सगळ्यांत आधी ओलांडली. सुटण्याआधीच्या तयारीच्या नियमात चूक धरून वेळेचा दंड लागला आणि विजय रोमान स्तानेकच्या नावावर गेला. शूमाखर, हिल यांना ज्या ट्रॅकने हात दिला त्यानेच इथे हात आखडला. वेगाबद्दल शंका कोणीच घेत नव्हतं. चर्चा होती ती हातातून निसटणाऱ्या गुणांची.

सप्टेंबरात मोंझाला मॅक्लारेनने त्याला आणखी एक सराव सत्र दिलं, या वेळी पियास्त्रीच्या गाडीत. ऑक्टोबरात, हंगाम संपायच्या आतच, मॅक्लारेन आणि डन वेगळे झाले. नॉरिस आणि पियास्त्री दोघेही लांब करारांनी बांधलेले, त्यामुळे तिथे जागा रिकामी होण्याची वाट पाहणं म्हणजे वर्षंच्या वर्षं घालवणं. हे कोणालाही दिसत होतं. अंतिम तक्त्यात तो पहिल्या तिघांत नव्हता, म्हणजे ते थेट 40 गुणही हुकले.

फॉर्म्युला टूचं विजेतेपद लिओनार्दो फोर्नारोली या इटालियनाने घेतलं. त्यालाही 2026 साठी फॉर्म्युला वनची जागा मिळाली नाही. हंगाम संपल्यावर त्याला एका संघाने आपल्या तरुण चालकांच्या कार्यक्रमात घेतलं. तो संघ मॅक्लारेन.