टोपी कशाची होती? ‘फायबर’ या शब्दामागची पार्श्वभूमी

फ्लोरिडातील एका थीम पार्कमध्ये २००१ साली उभी राहिलेली १२२ फूट उंचीची जादूगाराची टोपी २०१५च्या आरंभी उतरवण्यात आली. त्या पाडकामाची छायाचित्रे पाहून पुण्यात कोणी ‘ही कशाची असेल?’ असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते: ‘फायबरची’. गणेशोत्सवाच्या देखाव्यांवर नजर घडलेल्या शहरात हे स्वाभाविक असले, तरी हा शब्द जितके सांगतो त्याहून अधिक लपवतो.

मुळात अशा तात्पुरत्या भव्यतेची कृती जुनीच आहे. १८९३च्या शिकागो प्रदर्शनातील शुभ्र प्रासाद हे सांगाड्यावर चढवलेले प्लास्टर ऑफ पॅरिस आणि तागाचे धागे होते. धागे प्लास्टरला धरून ठेवतात; आपल्याकडे पीओपीत काथ्या घालतात तो याच हेतूने.

गोंधळ त्यानंतरचा आहे. फायबर म्हणजे केवळ धागा; वस्तूचा स्वभाव ठरतो तो धागा कशात बसवला आहे यावरून. काचेच्या धाग्यांची चटई, म्हणजे मॅट, पॉलिएस्टर रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेत) भिजवली की एफआरपी, म्हणजे धाग्यांनी बळकट केलेले प्लास्टिक होते, तर काचेचे धागे सिमेंटमध्ये मिसळले की जीआरसी, म्हणजे काचधाग्यांनी बळकट केलेले काँक्रीट. साध्या काचेला सिमेंटमधील अल्कली खाऊन टाकते. अल्कलीला दाद न देणारी झिर्कोनियायुक्त काच १९६०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये विकसित झाल्यावरच दुसरा प्रकार टिकाऊ ठरला. त्यामुळे कॅलिफोर्नियातील एका थीम पार्कमध्ये १९५९ साली उभारलेल्या १४७ फुटी कृत्रिम पर्वताला सरसकट ‘जीआरसीचा’ म्हणणे हा कालविपर्यास होय.

त्याच उद्यानात १९५७ साली प्लास्टिकचे एक नमुना-घर उभारले गेले होते, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत बोलका दाखला तोच आहे. १९६७ साली ते पाडायला आणलेला पोलादी गोळा भिंतींवरून उसळून परत येऊ लागला, एका दिवसाचे म्हणून योजलेले काम सुमारे दोन आठवडे चालले आणि अखेर साखळ्यांनी आवळून तुकडे करावे लागले. सिमेंट असते तर तडे जाऊन ढेपा पडल्या असत्या. रेझिनमधले धागे वाकतात, फाटतात, पण सुटत नाहीत.

पाडकामाकडे पाहताना म्हणूनच पृष्ठभागापेक्षा कापलेली कड पाहावी. देखाव्याचे पॅनेल उलटे केले की जेलकोटच्या, म्हणजे बाहेरच्या रंगीत रेझिन-थराच्या, गुळगुळीत रंगामागे मॅटचे विस्कटलेले, हाताला खाजवणारे धागे दिसतात. जीआरसीची कड राखाडी आणि भुसभुशीत असते. टोपीचे चकचकीत, सर्व बाजूंनी वळणारे कवच पाहता मला रेझिनचा अंदाज अधिक पटतो, आणि आतला आधार पोलादी सांगाड्याचा.

हा भेद केवळ कुतूहलाचा नाही. बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे २०१६चे नियम आल्यापासून राडारोडा वेगळा करणे अपेक्षित आहे. जीआरसी भरडता येते. एकदा घट्ट झालेले पॉलिएस्टर रेझिन मात्र पुन्हा वितळत नाही. अनंत चतुर्दशीनंतर मांडव उतरवताना भंगारवाला लोखंडी अँगल काट्यावर ठेवतो आणि फायबरच्या कमानीकडे न पाहताच हातगाडी वळवतो.