इनडोअर अमेरिकन फुटबॉलचे प्रकार

छपराखाली खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलला सरसकट ‘अरीना फुटबॉल’ म्हटले जाते, ते बरोबर नाही. अरीना हा त्यातला एक प्रकार आणि त्याची खूण म्हणजे गोलखांबांशेजारची जाळी.

छपराखालचा खेळ अरीनाहून बराच जुना. डिसेंबर १९३२ मध्ये बर्फ आणि गारठ्यामुळे एनएफएलचे (अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक फुटबॉल लीगचे) विजेतेपद ठरवणारा सामना शिकागो स्टेडियमच्या आत हलवावा लागला. एंड झोन (गुण मिळवण्यासाठी चेंडू न्यायचे दोन्ही टोकांचे पट्टे) धरून मैदान जेमतेम ८० यार्ड भरले. कडेच्या भिंतीला खेटून डाव सुरू करणे धोक्याचे, म्हणून चेंडू १० यार्ड आत आणून ठेवत. पुढच्याच वर्षी एनएफएलने ही सोय उघड्या मैदानावरही कायम केली.

अरीनाचा आराखडा जिम फॉस्टर यांनी १९८१ मध्ये इनडोअर सॉकर पाहताना एका पाकिटावर काढला. त्यांची अरीना फुटबॉल लीग १९८७ मध्ये चार संघांनिशी सुरू झाली. मापे आइस हॉकीच्या रिंकवर बेतलेली आहेत. ५० यार्डांचे मैदान आणि ८-८ यार्डांचे दोन एंड झोन मिळून १९८ फूट होतात, रिंक २०० फुटांची असते. रुंदी ८५ फूट, रिंकइतकीच. प्रत्येक बाजूने अकराऐवजी आठ खेळाडू. पंट (चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करणे) मारायला बंदी, त्यामुळे चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, एक तर पुढे सरकायचे, नाही तर फील्ड गोल मारायचा, म्हणजे चेंडू किकने खांबांमधून घालवायचा.

तो फील्ड गोल सोपा नाही. एनएफएलमध्ये खांबांतले अंतर साडेअठरा फूट आणि आडवी दांडी १० फुटांवर असते. इथे अंतर ९ फूट, दांडी १५ फुटांवर. दोन्ही बाजूंना ३० फूट रुंद, ३२ फूट उंच जाळ्या. हुकलेली किक जाळीवर आपटून परत येते आणि चेंडू खेळातच राहतो. बचावातला एखादा चपळ गडी तो झेलून पळत सुटतो, तेव्हा त्याला गाठायला किकच्या डावासाठी उभी केलेली धिप्पाड, संथ फळीच उरते. ड्रॉप किकने (चेंडू जमिनीवर टाकून तो उसळताच मारलेल्या किकने) मारलेल्या फील्ड गोलला मात्र तीनऐवजी चार गुण.

फॉस्टर यांना १९९० मध्ये या जाळीच्या खेळाचे पेटंट मिळाले. त्यामुळे इतर लीगनी जाळी टाळली आणि ‘इनडोअर’ हे नाव धरले. पेटंट २००७ मध्ये संपल्यावरही बहुतेकांनी जाळी लावली नाही. २००९ पासून खेळणाऱ्या इनडोअर फुटबॉल लीगमध्येही ती नाही. तिथे हुकलेली किक प्रेक्षकांत गेली की डाव संपला.

बाकीचे फरक लीगगणिक बदलतात. अरीनात स्नॅपच्या वेळी, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू होताना, एकच रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) पुढे धावत येऊ शकतो, काही लीग दोघांना मुभा देतात. काही ठिकाणी खेळाडू सातच असतात, काही ठिकाणी किकऑफ (खेळ सुरू करणारी किक) थेट खांबांमधून गेला तर गुण मिळतो. आक्रमण आणि बचाव दोन्हीकडे तेच गडी खेळवण्याची अरीनाची ‘आयर्नमॅन’ प्रथा लीगने स्वतःच २००७ मध्ये सोडली. जुन्या खेळाच्या चाहत्यांना जाळीखालोखाल तीच प्रिय होती.