तोड्याची बंदूक (बेळगाव सीमाभाग)

पेटत्या वातीने बार उडवणारी, तोंडाकडून भरायची लांब नळीची बंदूक. या वातीला तोडा किंवा जामगी म्हणतात. त्यावरून हे नाव. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत बेळगाव, खानापूर, चिकोडी, हुक्केरी, संपगाव या मुलखात बंदूक म्हटले की बहुधा हीच. आज इथली जुनी तोडेदार बंदूक पाहायला मिळणे कठीण झाले आहे. गंजाने आणि वाळवीने काही खाल्ल्या हे खरे, पण मोठा घाव १८५७च्या हत्यारबंदीच्या कायद्याने घातला.

नळी घडवताना लोखंडाची तापवलेली पट्टी सळईभोवती गुंडाळून ठोकून सांधत. दस्ता सडपातळ लाकडाचा. नळी त्याला कातडी वादीने किंवा पितळी तारेने आवळलेली. भरण्याचे काम सावकाशीचे असे. शिंगातली दारू मापाने नळीत ओतायची, वर शिशाची गोळी सोडायची आणि गजाने ठासायची. मग नळीच्या उजव्या अंगाला, कानाशेजारच्या (कान म्हणजे नळीत आतपर्यंत जाणारे बारीक भोक) छोट्या खोलगट पेल्यात चिमूटभर बारीक दारू घालायची. हीच रंजक. पेल्यावर झाकण सरकवायचे. नेम धरण्याआधी तोड्यावरची राख फुंकून निखारा लाल करायचा, झाकण उघडायचे आणि चाप ओढायचा. निखारा पेल्यात टेकतो, जाळ कानातून आत शिरतो आणि बार उडतो. रंजक नुसतीच भुरकन जळून गेली तर सगळा खटाटोप पहिल्यापासून.

सोऱ्याच्या पाण्यात मुरवलेला सुती तोडा विझत नाही, पण पावसापुढे त्याचेही काही चालत नाही. कणकुंबी, जांबोटीकडचा पाऊस ज्यांनी अंगावर घेतला आहे, त्यांना हे सांगायला नको. दारू सर्दावली आणि तोडा भिजला की हातात उरते ती जड काठी. मोहिमा दसऱ्याचे शिलंगण करून निघत, त्याला नद्यांचे पूर आणि वैरण ही कारणे होतीच. त्यांत हेही एक धरले पाहिजे.

बेळगावचे भौगोलिक स्थान या बंदुकीच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. किल्ला आदिलशाहीचा, आणि चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा. १५१०मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला तेव्हा तिथे बंदुका घडवणारे कारागीर आधीपासून होते. १५१३मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने आपल्या राजाला कळवले की गोव्याचे कारागीर युरोपातल्या बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीच्या बंदुका करतात. गोव्याकडच्या घडणीत कमान (स्प्रिंग) असे. चाप दाबला की तोडा झटक्याने पेल्यावर पडे. १५४३मध्ये पोर्तुगिजांबरोबर जपानच्या तानेगाशिमा बेटावर जी बंदूक पोहोचली, ती याच कमानीच्या घराण्यातली, असे अनेक अभ्यासक मानतात. घाटावरच्या दख्खनी आणि मोगली घडणीत अशी कमान नसे. पात्यासारखा चाप जितका ओढावा तितका तोडा हळूहळू खाली येई. ही रचना साधी होती, बिघडली तर गावच्या लोहारालाही हाताळता येण्यासारखी. चकमकीच्या विलायती बंदुका आल्यानंतरही ती शंभर-दीडशे वर्षे टिकली याचे मर्म मला या साधेपणात दिसते.

जुनी बंदूक हातात आली तर नक्षीच्या आधी कान पाहावा. शेकडो बारांच्या जाळाने तो झिजून रुंद होतो, आणि पेल्यालगतचे लाकूड काळे पडते. कान बारीक आणि लाकूड स्वच्छ असेल तर बंदूक भिंतीवरच राहिली असावी, किंवा अलीकडे बनवलेली नक्कल असावी.

या भागात बंदूक सरदारांपुरती नव्हती. देसायांच्या मुलखात शेतसनदी असत: जमीन कसायची आणि त्या बदल्यात गावाची राखण व लढाईची चाकरी करायची. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे ठार झाला. ती गोळी अमटूरच्या बाळप्पाची, असे परंपरा सांगते. संगोळी रायण्णा स्वतः शेतसनदी घराण्यातला. कित्तूर पडल्यावर त्याने शेतसनदी आणि रानातली माणसे जमवून कंपनी सरकारला झुंजवले. २६ जानेवारी १८३१ रोजी त्याला खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिले.

मग १८५७चा अठ्ठाविसावा कायदा आला. हत्यारांची नोंद करा, परवाना घ्या, नाहीतर जमा करा. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी (बेडर) नकार दिला. शिकार आणि राखण हेच ज्यांचे जगणे, त्यांना बंदूक देऊन टाकणे म्हणजे भाकरी देऊन टाकणे होते. नोव्हेंबरअखेरीस फौजेने गाव वेढले, घरे पेटवली. पुष्कळ माणसे मारली गेली, अनेक पकडली गेली. डिसेंबरात १९ जणांना मुधोळ आणि हलगली इथे फासावर चढवले. या बंडाची कन्नड लावणी पुढे फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने टिपून छापली. हलगली आज बागलकोट जिल्ह्यात आहे. मराठी वाचकाला नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांचे १८५८चे बंड ठाऊक असते, हलगली क्वचितच. एक अख्खे गाव हत्यारबंदीच्या विरोधात उभे राहिले, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात ठळकपणे यायला हवी.

१८७८च्या कायद्याने परवान्याची चौकट देशभर पक्की झाली. गावात राहिली ती ठासणीची बंदूक. भरायची पद्धत तीच, पण तोड्याच्या जागी आघाताने पेटणारी तांब्याची टोपी आणि तिच्यावर आपटणारा घोडा. काही जुन्या तोडेदार नळ्याही असा घोडा बसवून वापरात राहिल्या, म्हणून कधी कधी दस्ता शंभर वर्षांचा आणि नळी त्याहून कितीतरी जुनी निघते. १९५९च्या शस्त्र कायद्यात कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या आणि दुरुस्त करूनही उडवता न येणाऱ्या हत्यारांना सूट आहे. मात्र बंदूक त्यात बसते की नाही हे मालकाने स्वतःच ठरवू नये. माळ्यावर सापडली तर आधी पोलीस ठाण्यात दाखवावी.

खानापूरच्या जंगलपट्टीत रानडुक्कर आणि गवा यांच्यापासून भात-ऊस राखायला पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बंदुका असतात. खंडेनवमीला कोयता-विळ्यांबरोबर त्यांनाही झेंडूचे फूल वाहतात. निवडणूक जाहीर झाली की त्या ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि मतमोजणीनंतर पावती दाखवून परत आणाव्या लागतात.