मँगनीज पोलाद

मँगनीज पोलाद : लोखंडात साधारण ११ ते १४ टक्के मँगनीज आणि १ ते १.४ टक्के कार्बन असलेले मिश्र पोलाद. इंग्लंडमधील शेफील्डचे पोलाद उत्पादक रॉबर्ट ॲबट हॅडफील्ड (१८५८–१९४०) यांनी ते १८८२ मध्ये शोधले, म्हणून त्याला हॅडफील्ड पोलाद असेही म्हणतात. खडी क्रशरचे जबडे, रेल्वेची क्रॉसिंगे, खनिज दळणाऱ्या गिरण्यांची अस्तरे असे सतत दणके खाणारे आणि घासले जाणारे भाग त्यापासून ओततात. जिथे मार बसतो तिथेच हे पोलाद कठीण होत जाते आणि आतून चिवटच राहते. हा गुण इतक्या ठळकपणे दाखवणारा दुसरा धातू रोजच्या वापरात क्वचितच आढळतो.

कठीणपणा आणि चिवटपणा यांचे सहसा जमत नाही. विळ्याची धार टिकावी म्हणून लोहार पाते लाल करून पाण्यात बुडवतो. याला पाणी देणे म्हणतात. पाणी जास्त झाले तर पाते काचेसारखे मोडते, कमी पडले तर धार वळते. साध्या कार्बन पोलादात या दोन टोकांमध्ये कुठेतरी तडजोड करावी लागते. ती टाळण्यासाठी लोखंडात दुसरे धातू घालून पाहण्याचे पद्धतशीर प्रयत्न एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. लंडनमध्ये सुऱ्या-कात्र्यांचे कारागीर जेम्स स्टोडार्ट आणि वैज्ञानिक मायकेल फॅराडे यांनी १८२० च्या सुमारास असे अनेक मिश्रधातू केले. या कामाची प्रेरणा हिंदुस्थानातून जाणाऱ्या वूट्झ या मुशीत केलेल्या पोलादाची होती. पुढे १८६८ मध्ये रॉबर्ट मशेट यांनी टंगस्टनचे पोलाद आणले. ते पाणी न देता, नुसत्या हवेत निवूनच कठीण होई. निकेल आणि क्रोमियम यांची पोलादे त्यानंतर चिलखती पत्र्यांसाठी आली.

मँगनीज पोलादात नवे नव्हते. गंधकामुळे तापलेले पोलाद ठोकताना फुटते, आणि मँगनीज गंधकाला बांधून ठेवते. त्यामुळे १८५६ पासून बेसेमर पद्धतीच्या (वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून केलेल्या) पोलादात ते थोडेसे घातले जाईच. पण प्रमाण एक-दोन टक्क्यांपुढे गेले की पोलाद ठिसूळ होते, हे सगळ्यांना ठाऊक होते, आणि ते खरेही होते. ४ ते ५.५ टक्के मँगनीजचा तुकडा हातोड्याखाली चक्क भुगा होतो. बहुतेकांनी तिथेच हात टेकले.

हॅडफील्ड थांबले नाहीत. शेफील्डमध्ये वडिलांचीच पोलाद ओतण्याची फाउंड्री होती आणि तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस-चोवीस होते. फ्रान्समधील तेरन्वार येथील कारखान्याने ८० टक्क्यांच्या आसपास मँगनीज असलेले फेरोमँगनीज (लोखंड आणि मँगनीज यांचा मिश्रधातू) तयार केले होते, त्यामुळे जास्त मात्रा घालून पाहणे शक्य झाले होते. हॅडफील्ड मँगनीजचे प्रमाण वाढवत गेले. ७ टक्क्यांच्या पुढे ठिसूळपणा ओसरू लागला आणि १२-१३ टक्क्यांना एक निराळाच धातू हाती आला. तो लालबुंद करून पाण्यात बुडवला की कडक होण्याऐवजी मऊ आणि विलक्षण चिवट होई. सावकाश निवू दिला तर मात्र ठिसूळ. म्हणजे लोहाराच्या पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाच्या नेमके उलट. शिवाय ८५ टक्क्यांहून अधिक लोखंड असूनही त्याला चुंबक चिकटेना. १८८३ मध्ये त्यांनी पेटंट घेतले आणि १८८८ मध्ये सविस्तर निबंध वाचले. मिश्र पोलादाच्या इतिहासातला हा सर्वांत धीराचा प्रयोग म्हणावा लागेल, कारण वाट ठिसूळपणाच्या प्रदेशातून जात होती आणि पलीकडे काही असेल याची कोणतीच खूण नव्हती.

असे का होते? तापलेल्या लोखंडातील अणू ज्या दाट रचनेत असतात तिला ऑस्टेनाइट म्हणतात. साधे पोलाद निवताना ही रचना मोडते. भरपूर मँगनीज आणि कार्बन असला की ती नेहमीच्या तापमानालाही टिकून राहते. ऑस्टेनाइट चिवट असते आणि चुंबकाला दाद देत नाही. पण ओतलेला भाग साच्यात सावकाश निवतो तेव्हा जादा कार्बन कार्बाइडच्या (कार्बन आणि धातू यांच्या ठिसूळ संयुगाच्या) रूपाने स्फटिककणांच्या सीमांवर जमतो आणि तिथून धातू तडकतो. म्हणून भाग सुमारे १,०५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून कार्बाइड विरघळू देतात आणि लगेच पाण्यात टाकतात. भट्टीचे दार उघडल्यापासून पाण्यात पडेपर्यंतचा वेळ जितका कमी तितके चांगले. फार जाड भागाच्या गाभ्यापर्यंत गारवा वेळेत पोचत नाही, तिथे कार्बाइड राहून जाते. हे पोलाद उष्णता सावकाश वाहून नेते, त्यामुळे तापवतानाही घाई केली तर भाग तडकतो.

पाण्यातून काढलेल्या भागाचा कठीणपणा ब्रिनेल मापाने (कठीण गोळी दाबून पडलेल्या खळग्यावरून) २०० च्या आसपास भरतो, म्हणजे काही फार नाही. आघात बसू लागले की पृष्ठभागाखालच्या स्फटिकांत अतिसूक्ष्म आरशातल्या प्रतिमेसारखे जुळे पट्टे तयार होतात. स्फटिकांतले थर एकमेकांवरून घसरू पाहतात, त्यांची वाट हे पट्टे अडवतात. त्या थराचा कठीणपणा ५०० ब्रिनेलपर्यंत किंवा पुढेही जातो. ऑस्टेनाइटचे मार्टेन्साइट (पाणी दिलेल्या साध्या पोलादातील कठीण रचना) होते म्हणून कठीणपणा येतो, असे पूर्वी समजत. सूक्ष्मदर्शकाने आणि क्ष-किरणांनी पाहिल्यावर मुख्य काम या जुळ्या पट्ट्यांचे आणि कार्बनचे असल्याचे दिसले. वरचा थर झिजला की खालचा मार खातो आणि तोही कठीण होतो. कठीण कातडे असे सतत नवे होत राहते.

हे पाहायचे तर खडी क्रशरवर जावे. जबड्यात समोरासमोर दोन प्लेटी असतात, एक स्थिर आणि एक पुढेमागे हलणारी. दोन्हींवर उभ्या धारा असतात. सह्याद्रीचा काळा पाषाण त्यात पडतो आणि कडाकडा फुटत खाली सरकतो. नव्या प्लेटीवर कानस चालते. काही दिवस दगड खाल्ल्यावर तोच पृष्ठभाग चकचकीत होतो आणि कानस त्यावरून नुसती घसरते. फट खाली अरुंद होत जाते, म्हणून खालचे टोक आधी झिजते. मग प्लेट उलटी करून बसवतात आणि दुसरे टोक वापरात आणतात. झिजून गेलेली प्लेट भंगारात गेली तरी चुंबक लावून ती ओळखता येते. न घासलेल्या बाजूच्या पातळ कवचाला मात्र चुंबक किंचित धरतो, कारण भट्टीत तिथला कार्बन जळून गेलेला असतो.

रेल्वेत एक रूळ दुसऱ्याला छेदतो तिथे चाकाच्या कडेसाठी फट ठेवावी लागते. प्रत्येक चाक ती फट ओलांडून क्रॉसिंगच्या टोकदार नाकावर आदळते. भारतीय रेल्वेत यासाठी ओतीव मँगनीज पोलादाची क्रॉसिंगे वापरतात. रेल्वेची माणसे त्यांना सीएमएस (कास्ट मँगनीज स्टील) क्रॉसिंग म्हणतात. नवे क्रॉसिंग सुरुवातीला मऊ असल्याने चाकांखाली धातू कडेला पसरून ओठ येतात. ते वेळच्या वेळी घासून काढले नाहीत तर तिथूनच तुकडे निघतात. काही देशांत नाकावर स्फोटक पत्रे उडवून ते रुळावर जाण्याआधीच कठीण करतात.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला दिलेले ब्रॉडी शिरस्त्राण ऑक्टोबर १९१५ पासून याच पोलादाचे होऊ लागले. पातळ पत्रा खोल दाबूनही फाटत नाही आणि गोळ्याच्या तुकड्याचा तडाखा पोचे पडून सोसतो, हे दोन्ही गुण तिथे कामी आले. तिजोऱ्या आणि तुरुंगाचे गज यांसाठीही ते वापरले गेले, कारण करवत चालवली की ती जागाच कठीण होते. याच कारणाने कारखान्यात त्याला ड्रिलने भोक पाडणे किंवा लेथवर कापणे जिकिरीचे असते. शक्य तेवढा आकार ओतकामातच साधतात, उरलेले ग्राइंडरने घासतात. निवताना हे पोलाद साध्या पोलादापेक्षा जास्त आकसते, तेव्हा फर्मा (साचा घडवण्याचा नमुना) करतानाच तेवढी सूट धरावी लागते.

एक गैरसमज दूर करायला हवा. मँगनीज पोलाद सगळ्याच झिजेला पुरून उरत नाही. वाळू नुसती घासत जात असेल, दणका नसेल, तर पृष्ठभाग कठीण होतच नाही आणि भाग लवकर झिजतो. त्याची ताण सहन करण्याची सुरुवातीची मर्यादाही कमी आहे, जड भाराखाली ते कायमचे वाकते. सुमारे २ टक्के क्रोमियम घातले की ही उणीव काही अंशी भरून निघते. दुरुस्तीचे वेल्डिंग करताना भाग ३०० अंशांच्या वर फार वेळ राहिला तर कार्बाइड पुन्हा जमते. म्हणून छोटे टाके घालत, मध्ये निवू देत काम करतात.

या पोलादाचे महाराष्ट्राशी नाते खनिजाचे आहे. नागपूर, भंडारा आणि मध्य प्रदेशातील बालाघाट या पट्ट्यात मँगनीजचे मोठे साठे आहेत, आणि १९०० च्या सुमारास तिथे खाणकाम सुरू झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियाबरोबर भारत या खनिजाचा अग्रगण्य पुरवठादार होता. भूवैज्ञानिक लुईस ली फर्मर यांनी या साठ्यांचा अभ्यास १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. आज मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील खाणी नागपूरस्थित मॉइल ही सरकारी कंपनी चालवते. चंद्रपूरला फेरोमँगनीज तयार केले जाते. नेहमीच्या फेरोमँगनीजमध्ये ६ ते ७ टक्के कार्बन असतोच. १२ टक्के मँगनीज मिळेल इतके ते घातले की कार्बन आपोआप १ टक्क्याच्या घरात येतो. हॅडफील्ड यांचे प्रमाण इतकी वर्षे टिकले त्यामागे हे स्वस्त, सोयीचे गणितही आहे.

हॅडफील्ड यांना भारतातील लोखंडाचेही कुतूहल होते. दिल्लीच्या लोहस्तंभाच्या नमुन्याचे त्यांनी १९१२ च्या सुमारास पृथक्करण केले. त्यात ९९.७२ टक्के लोखंड निघाले, आणि मँगनीज अजिबात नाही. फॅराडेंनी मागे ठेवलेले जुने ७९ नमुनेही त्यांनी तपासले.

मँगनीजची धूळ आणि वितळलेल्या धातूचा धूर मज्जासंस्थेला घातक असतो. स्कॉटलंडमध्ये मँगनीजचे खनिज दळणाऱ्या कामगारांत जॉन कूपर यांनी १८३७ मध्येच हा विकार नोंदवला : चाल लडखडते, आवाज क्षीण होतो, चेहरा निर्विकार दिसतो. लक्षणे कंपवातासारखी असल्याने निदान चुकू शकते. ओतकाम, घासकाम किंवा वेल्डिंग जिथे रोज होते तिथे धूर मशीनपाशीच ओढून घेणारा पंखा आणि योग्य मास्क लागतोच, तोंडावर बांधलेला रुमाल पुरत नाही.